लीनाबाईंची अंगठी

लंडनमध्ये मी एकवीस वर्षं लोकांच्या आज्या-पणज्यांवर संशय घेऊन पोट भरलं. ईलिंगमधल्या हळदीकुंकवाला कुणी 'तुम्ही काय करता हो?' असं विचारलं की मी 'रिसर्च' एवढंच सांगून तिळगूळ तोंडात टाकायचे. खरं सांगायची चोरी होती. सांगितलं की समोरची बाई एक तर स्वतःची वंशावळ सुरू करायची, नाहीतर 'आलेच हं' म्हणून जी उठायची ती परत यायची नाही.

आमचं काम असं. या देशात कुणी मृत्युपत्र न करता गेलं आणि मागे कुणी नातेवाईक दिसेना, तर सरकार त्या नावांची यादी लावतं. आमच्यासारख्या कंपन्या त्या यादीवर तुटून पडतात, कुठल्या तरी गावातला चुलतभाचा हुडकतात, जन्म-लग्न-मृत्यूचे दाखले जोडून त्याचं नातं सिद्ध करतात आणि त्याबद्दल वाटा घेतात. हे झालं एक टोक. दुसऱ्या टोकाला, कुणी आपण होऊन 'मीच वारस' म्हणून उभा राहिला की तो खरा की बनावट हे तपासायचं. पहिल्या कामात माणसं शोधायची, दुसऱ्यात उडवायची. आमच्या साहेबांनी, मिस्टर हारग्रीव्ह यांनी, दोन आठवडे माझा स्वभाव पाहिला आणि मला उडवण्याच्या कामाला लावलं.

नोकरी मिळाली ती जर्मन येत होतं म्हणून. माझ्या वेळच्या पुण्यात मुलींनी संध्याकाळी जर्मनच्या क्लासला जायचं, परीक्षा द्यायच्या आणि मग आयुष्यभर त्याचं काहीही करायचं नाही, अशी रीतच होती. मी ती रीत मोडली, एवढंच.

संशय हा आमच्या धंद्यात दुर्गुण नाही, हत्यार आहे. वेम्बलीचे एक गृहस्थ आठवतात, आपलेच. मुलीच्या लग्नपत्रिकेवर त्यांना 'सरदार घराणं' असं छापायचं होतं.

"मॅडम, तुमच्या लेटरहेडवर फक्त दोन लाइन्स द्या ना. कार्ड फ्रायडेला प्रिंटिंगला जातंय."

"कागद काय आहे तुमच्याकडे?"

"कागद कशाला? तलवार आहे!"

तलवार खरंच होती. मुठीवर दुकानाचं लेबल खरवडल्याची चिकट खूणही होती. मी ती बोटाने दाखवली तर म्हणाले, "तुम्ही फारच निगेटिव्ह आहात."

जर्मन कामात तर अशांची जत्राच. तिथली राज्यं पहिल्या महायुद्धानंतर गेली, पण किताब आडनावाचा भाग होऊन राहिले. मग एखादी हलाखीतली म्हातारी सरदारीण पन्नाशीच्या एखाद्या मोटार विकणाऱ्याला दत्तक घेते आणि तो दुसऱ्या दिवसापासून राजपुत्राचं आडनाव लावून हिंडतो. आपल्याकडे दत्तक म्हणजे पिंड देणारा. इथे दत्तक म्हणजे व्हिजिटिंग कार्ड. असे पाच-सहा राजपुत्र मी घरी पाठवले आहेत आणि त्याचा मला जरासुद्धा खेद नाही.

खेद आहे तो एका केसचा. ती सांगायलाच लिहायला बसले आहे.

दोन हजार चार-पाचचा सुमार होता. एका जर्मन ड्यूक घराण्याच्या ट्रस्टने आम्हाला काम दिलं. घराण्याचं नाव मी सांगणार नाही, विचारूही नका. डची, म्हणजे ड्यूकचं राज्य, लहानशीच. बापाने चार मुलांत वाटली, त्या मुलांनी आपापल्या मुलांत वाटली, आणि शेवटी एका भावाचा वाडा, दुसऱ्याचं जंगल आणि तिसऱ्याचा पूल असा प्रकार झाला. मग एकेक शाखा निपुत्रिक जायची आणि उरलेल्या शाखा तिच्या वाट्यावर भांडायच्या. भाऊबंदकी काय असते ते मी कोकणातल्या घरात जन्मल्यामुळे जाणून होते, पण हे लोक ती चारशे वर्षं नीट फायलीत लावून भांडले होते.

ही वाटणी थांबावी म्हणून त्यांनी घराण्याचा कायदा केला होता. मुलाने लग्न करायचं ते बरोबरीच्या कुळात आणि ड्यूकच्या संमतीने. कमी कुळातली मुलगी केली तर ते 'बिनबरोबरीचं लग्न'. लग्न खरंच, पण त्या बायकोला किताब नाही आणि मुलांना वारसा नाही. राज्य गेल्यावरही थोडं जंगल, एक वाडा आणि एक जाडजूड कुलपुस्तक ट्रस्टकडे राहिलं. घराण्यात कोण जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न झालं, ते सगळं त्या पुस्तकात. बिनबरोबरीची बायकोसुद्धा तिथे एका ओळीत नोंदवायचे. नुसत्या ठेवलेल्या बाईला मात्र ओळ नाही.

रीडिंगच्या मार्गारेट पेल यांना आपल्या आईसाठी ती एक ओळ हवी होती.

मार्गारेटबाई ब्याऐंशीच्या. शाळेच्या स्वयंपाकघरात उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. त्यांची आई लीना ही ड्यूकच्या वाड्यातल्या माळ्याची मुलगी. ड्यूकच्या सर्वांत धाकट्या भावाने तिच्याशी गावातल्या छोट्या चर्चमध्ये लग्न केलं, वर्षा-दीड वर्षात तो छातीच्या दुखण्याने गेला, आणि चार वर्षांच्या मार्गारेटला घेऊन लीना रीडिंगला मावशीकडे आली, असं बाईंचं म्हणणं. घराण्याचं म्हणणं असं की लग्न वगैरे काही झालं नव्हतं, तरुण मुलाची ती एक चूक होती. त्या चर्चचं दप्तर पुढच्या युद्धात जळालं होतं. म्हणजे सोयच झाली, असं मला वाटलं. ज्याला खोटं सांगायचंय तो नेहमी जळालेल्याच चर्चमध्ये लग्न लावतो.

त्यात बाईंचा नातू डेरेक. पस्तिशीचा, घरं विकण्याच्या धंद्यातला. पहिल्याच भेटीत त्याने मला कार्ड दिलं. त्यावर घराण्याचं चिन्ह सोनेरी रंगात छापलेलं! ते कार्ड पाहिलं आणि माझं मत तिथेच झालं.

बाईंचं घर स्टेशनपासून बसने पंधरा मिनिटांवर. दोन खोल्या, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. त्यांनी चहा दिला आणि कपाटातून आईचा फोटो काढला. खुर्चीत बसलेली हसरी मुलगी, मागे लष्करी कोटातला कृश तरुण. मुलीच्या डाव्या हातात अंगठी.

"ही बघा अंगठी," बाई म्हणाल्या. "लग्न झाल्याशिवाय का कुणी अंगठी घालून फोटो काढतं?"

मी वहीत लिहून घेत होते. मी नेहमी मराठीत टिपणं काढत असे. टेबलापलीकडचा माणूस उलटी अक्षरं वाचायचा प्रयत्न करतो, हा अनुभव होता. शिवाय मराठीत मनातलं शेजारीच लिहून टाकता येतं.

"आणि ही अंगठी पुढे कायम त्यांच्या हातात होती?" मी विचारलं.

"कायम. आम्ही ती तिच्याबरोबरच पुरली." बाईंनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. "आधी उजव्या हातात असायची. मग मी सहा-सात वर्षांची असताना आमची घरमालकीण एकदा जिन्यात मोठ्याने म्हणाली, की धड बायको असती तर अंगठी योग्य हातात असती. आईने त्या दिवशी साबण लावून ती काढली आणि डाव्या हातात घातली. डाव्या बोटात ती सैल व्हायची. मग मी तिला करडा दोरा गुंडाळून दिला, मोजे रफू करायचा. दोरा मळला की मीच बदलायची."

मी फोटोकडे पाहिलं. अंगठी डावीकडे. बाई म्हणताहेत आधी उजवीकडे. पकडली, असं वाटून मला मनातून बरंच वाटलं. हे मी आज कबूल करते.

पुढचे दोन महिने मी फोटोच्या मागे लागले. स्टुडिओचा शिक्का, पुठ्ठा, कोटाची बटणं, सगळं तज्ज्ञाकडून तपासून घेतलं. फोटो अस्सल निघाला, त्याच गावचा, त्याच काळातला. जर्मनीतल्या तीन दप्तरखान्यांना पत्रं लिहिली. लग्नाचा कागद कुठेच नव्हता. मी अहवाल लिहिला: फोटो खरा, ओळख खरी, लग्नाला पुरावा नाही. नवव्या पानावर एक वाक्य घातलं, की अंगठीबाबत अर्जदाराचं कथन फोटोशी विसंगत आहे, त्यामुळे त्यांच्या आठवणींवर विसंबता येत नाही.

अहवाल ट्रस्टला गेला. नियमाप्रमाणे एक प्रत बाईंनाही गेली. आठवड्याने ट्रस्टच्या वकिलांचा फोन आला. हे गृहस्थ सत्तरीचे, शब्द मोजून बोलणारे, आणि ट्रस्टचेच असल्यामुळे मला तेही संशयितच.

"मिसेस चिपळूणकर, पान नऊ," ते म्हणाले. "अंगठीबद्दल या बाई नेमकं काय म्हणाल्या?"

मी सांगितलं.

"तुम्ही हे त्यांच्या विरुद्ध धरलंत?"

"फोटोत ती डाव्या हातात आहे ना."

"फोटोत असणारच. आमच्याकडे साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात असते. लग्नाच्या वेळी ती उजव्या हातात घालतात. माझी आत्ता उजव्याच हातात आहे. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नव्हतं. दहा वर्षं मी जर्मन कागद वाचत होते, पण कागदाला हात नसतात. आपल्याकडे बाईचं लग्न झालंय का हे गळ्यात बघतात, अंगठीला कोण विचारतो? या देशात आल्यावर डाव्या हाताचं तेवढं शिकले आणि त्यावर स्वतःला शहाणी समजले. इंग्रज साहेबांनाही काही खटकलं नाही, कारण त्यांच्या दृष्टीने उजवा हात हा चुकीचाच होता. लग्नाची एवढी मोठी खूण दोघांनी मिळून उडवली होती.

"पण लग्न न होताही ती उजव्या हातात घालू शकली असती," मी म्हटलं. हरलेला माणूस वाद घालतोच.

"कशासाठी? रीडिंगमध्ये कुणाला फसवायचं असतं तर तिने ती डाव्याच हातात ठेवली असती. तिथे उजव्या हाताचा अर्थ कुणाला कळणार होता? उलट त्यापायी तिने शिव्या खाल्ल्या. खोटं बोलणारा माणूस ऐकणाऱ्याला समजेल असंच खोटं बोलतो, मॅडम. आणि मुलीला आमचा रिवाज माहीत आहे?"

"नाही. फोटोतली अंगठी लग्नाचीच आहे असं त्यांना वाटतं."

"मग हे त्यांनी रचलं कसं?"

मग वकिलांनी एक नवीनच गोष्ट सांगितली. धाकट्या राजपुत्राच्या खासगी कागदांची एक सीलबंद पेटी ट्रस्टकडे होती. घराण्याच्या नियमाप्रमाणे ती कुणाही दावेदारासाठी उघडत नसत. भक्कम कारण असेल तरच ट्रस्टी मतदान घेणार. हे कथन ते कारण होऊ शकलं असतं, पण आता बाईंना पुन्हा विचारून उपयोग नव्हता. अहवाल त्यांच्या घरी पोचला होता, नातवाने वाचला असणार. आता त्या काहीही म्हणाल्या तरी पढवलेलं म्हणून ट्रस्टी उडवून लावतील. त्या पहिल्या दिवशी काय म्हणाल्या ते त्याच दिवशी लिहिलेलं कुठे आहे का?

होतं. माझ्या वहीत होतं.

घरी येऊन वही उघडली. पान जसंच्या तसं देते: 'अंगठी आधी उजव्या हातात म्हणे. घरमालकिणीने हटकल्यावर डाव्या. सैल म्हणून करडा दोरा, रफूचा, ही बदलायची. थापा. फोटोत डावीकडे आहे हे विसरली वाटतं. म्हातारी पक्की आहे. नातवाने पढवलेली. दोऱ्याचं छान रंगवलंय.'

साहेब म्हणाले, "फक्त कथनाच्या ओळी काढून द्या. तुमचे शेरे कशाला?" मोह झाला. कात्री लावली असती तर कुणाला कळणार होतं? आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "तू दुसऱ्या कुणाचं अर्धं पान घेतलं असतंस का?" नसतं घेतलं. अर्धं पान देणाऱ्याला मी चोर म्हणाले असते. मी सबंध वही दिली.

भाषांतर मी करून चालणार नव्हतं. वेम्बलीला प्रधान म्हणून एक निवृत्त शिक्षक कोर्टासाठी भाषांतरं करत, त्यांच्याकडे पान गेलं. संध्याकाळी त्यांचा फोन.

"ताई, जरा अवघड आहे हो. 'थापा' कसं लिहू? सौम्य शब्द घालू का?"

"नको. आहे तसंच लिहा."

"आणि 'म्हातारी पक्की आहे'?"

"तेही."

"शुअर आहात ना? हे त्या बाई वाचणार आहेत."

"हो प्रधान सर. लिहा."

झालं उलटंच. ट्रस्टींना पटलं ते माझ्या शेऱ्यांमुळेच. जी बाई अर्जदाराला खोटारडी समजते, ती अर्जदाराच्या फायद्याचं वाक्य कशाला रचेल? एका मताच्या फरकाने ठराव पास झाला आणि पेटी उघडली. आत करार होता. धाकटा राजपुत्र आणि माळ्याची मुलगी लीना यांचं बिनबरोबरीचं लग्न, किताब नाही, वारसा नाही, आणि खाली त्या छोट्या चर्चच्या पाद्र्याची सही. वकील फोनवर म्हणाले, "आम्हालाही आश्चर्य वाटलं." आवाजात आश्चर्य नव्हतं. त्या पेटीत काय आहे हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं का, हे मी पुढे दोनदा आडून विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी लंडनच्या हवेची चौकशी केली. माझा संशय अजून फिटलेला नाही.

कुलपुस्तकात ओळ घातली गेली. त्या पानाची प्रत घेऊन मी रीडिंगला गेले. पोस्टाने पाठवता आली असती, पण तेवढी लाज मला होती.

दार डेरेकने उघडलं. "म्हणजे आम्हाला मिळतं काय?" त्याने जिन्यातच विचारलं. काही नाही, म्हटलं. तरी तो आजीच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला, आणि शेवटपर्यंत हलला नाही. त्याच्याबद्दलही मी निदान अर्धी चुकले होते तर.

मार्गारेटबाईंसमोर भाषांतराचा कागद होता. त्यांनी तो वाचला होता, हे मला खोलीत पाऊल टाकताच कळलं. त्या दिवशी चहा नव्हता.

"मला तुमची माफी मागायची आहे," मी म्हटलं.

"दोऱ्याचं मी छान रंगवलं, असं तुम्ही लिहिलंय."

"हो."

"मी ते रंगवलं नव्हतं."

"मला आता माहीत आहे."

"आता," त्या म्हणाल्या. "माझ्या आईबद्दल सगळ्या गल्लीला हेच वाटायचं. मासळीवाल्यालासुद्धा. तोंडावर बोलली ती एक घरमालकीण, आणि लिहून ठेवलं ते तुम्ही."

यात क्षमा कुठे आहे का, हे मी शोधत होते. नव्हती. त्यांनी कुलपुस्तकाची प्रत पुढे सरकवली. "मला जर्मन येत नाही. आई माझ्याशी बोलायचीच नाही जर्मन, लोक ऐकतील म्हणून. वाचून दाखवा."

मी ती ओळ वाचली. नंतर इंग्रजीत सांगितली: लीना, वाड्यातल्या माळ्याची मुलगी, धाकट्या राजपुत्राची पत्नी.

"पुन्हा. जर्मनमध्ये."

मी पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचताना 'पत्नी' या शब्दाला त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते त्यांनी पुसलं नाही. डेरेकने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"थँक यू," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही जा."

मी निघाले. बसस्टॉपवर बाकावर बसले आणि मला रडू फुटलं. शेजारच्या बाईंनी टिश्यू पुढे केला, 'घरचं कुणी गेलं का?' असं हळूच विचारलं. मी नाही म्हटलं. तोवर या कामात मला दहा वर्षं झाली होती. घरी कपाटात अशाच अकरा वह्या भरून पडल्या होत्या, आणि त्यांत मी किती ठिकाणी 'थापा' लिहिलं होतं ते मला आठवत होतं. मार्गारेटबाईंचं पान एका माणसाने थांबून वाचलं. बाकीच्यांची पानं कुणी मागितलीच नाहीत.